ओव्याची ओवाळणी

हेमांगी कासुर्डेला मधमाशी डसून किती वर्षं झाली, हे तिला सांगता आलं नसतं. पिंपळखोऱ्यातल्या कुठल्याच मधपाळाला ते सांगता आलं नसतं. माश्यांना धूर द्यायची धुरांडी कधीच माळ्यावर गेली होती. तोंडावर बांधायच्या जाळ्या कोंबड्यांच्या खुराड्यांना लागल्या होत्या. बायका चुलीपुढून उठून, पदर खोचून सरळ पेटीचं झाकण उघडायच्या आणि माश्या गरीब गाईसारख्या बाजूला सरायच्या. झाकण उघडलं की मधाच्या आधी ओव्याचा वास यायचा, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

तो वास हेमांगीच्या भावाने खोऱ्यात आणला होता.

त्याआधी तांबडी आली होती. तांबडी म्हणजे मोहरीपेक्षा लहान, खेकड्यासारखी पसरट अशी एक कीड. शास्त्रज्ञ तिला व्हरोआ म्हणतात. मधमाशीची अळी मेणाच्या झाकणाखाली कोशात जाते, त्या वेळी ही कीड तिच्यासोबत आत कोंडून घेते, तिच्या अंगातलं सत्त्व शोषते आणि तिथेच आपली पिलावळ वाढवते. बाहेर पडणारी माशी चुरमडलेल्या पंखांची निघते. आपल्या डोंगरातल्या सातेरी माशीला ही कीड तशी जुनीच. कामकरी माश्या झाकणावरून फिरताना आतला बिघाड वासाने ओळखायच्या, झाकण फोडायच्या, आजारी कोश ओढून बाहेर टाकायच्या. पण पुढे तांबडीची एक नवी जात आली. ती अळीचाच वास स्वतःच्या अंगाला माखून घ्यायला शिकलेली होती. फार तिखट नाकाच्या माश्यांनाच ती सापडायची. बाकीच्या वसाहती एकाच पावसाळ्यात ओस पडल्या. हेमांगीचे वडील, आबा, तेव्हा हयात होते. रिकाम्या पेट्या त्यांनी एकेक करून आडव्या ठेवल्या.

हेमांगीचा थोरला भाऊ जयदीप पुण्यात रसायनशास्त्र शिकून एका कंपनीत लागला होता. भाऊबिजेला तो आला आणि तिच्या ताटात त्याने पैशांऐवजी तळहाताएवढी एक करडी चकती ठेवली.

"हे काय?" तिने विचारलं.

"तुझ्या माश्यांचं औषध. ओव्याच्या अर्काचं. जगभर मधपाळ ओव्याचं सत्त्व वापरतातच, पण वर्षातून एकदा-दोनदा, अंदाजाने. ही चकती पेटीत बसून तांबडीचा माग काढते आणि लागेल तेवढीच वाफ सोडते. बारा महिने. तांबडी गळून पडते, माशी उभी राहते. विष नाही, काही नाही."

"नाव काय हिचं?"

जयदीप हसला. "ओव्याची आहे आणि भावाने दिली आहे. ओवाळणीच म्हण की."

तेच नाव पुढे कंपनीने घेतलं. सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक मधपेटीत ओवाळणी गेली. तांबडी हटली. माश्या गरीब झाल्या, मध वाढला, स्ट्रॉबेरी पुन्हा धरू लागली. आबा समाधानाने गेले. खोऱ्यातल्या मधपाळांच्या गटाची सूत्रं हेमांगीकडे आली, आणि जयदीपचं नाव शाळेच्या कार्यक्रमात घेतलं जाऊ लागलं.

नेमकं कुठे काय बिनसलं ते हेमांगीला अलकाकाकू ढेबे यांच्या पेटीत दिसलं. अलकाकाकूंना नवरा नव्हता, मूल नव्हतं. परसात मांडलेल्या चार पेट्या हाच त्यांचा संसार. त्या दिवशी त्यांनी हेमांगीला हाक मारून बोलावलं.

"बघ गं जरा. पोळ्याला कसला वास मारतोय."

हेमांगीने चौकट उजेडात धरली. मेणाच्या कितीतरी झाकणांना खळगे पडले होते. काडीने एक उचकटलं तर आत अळी काळी पडून चिकट झाली होती. हा तांबडीचा प्रकार नव्हता. अळ्या कुजवणारा जुनाच जंतू होता. असे दोन-चार कोश पूर्वीही व्हायचे. पण तिला चमकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या सडक्या कोठडीवरून माश्या येत-जात होत्या. एक कामकरी माशी तर अगदी उघड्या काळ्या अळीवर पाय देऊन पुढे गेली आणि शेजारच्या कोठडीत मध भरू लागली.

"ह्यांना कळंना कसं?" काकू म्हणाल्या. "पूर्वी एवढीशी घाण राहू देत नव्हत्या."

हेमांगीने स्वतःच्या पेट्यांवर एक जुनी परीक्षा करून पाहिली. पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, त्यातले कोश बर्फात गोठवून मारायचे आणि तुकडा पेटीत परत बसवायचा. जागरूक वसाहत एका दिवसात मेलेले कोश फोडून जागा लख्ख करते. आबांच्या माश्या करायच्या. दुसऱ्या दिवशी तिने पेट्या उघडल्या. तुकडे होते तसे होते. आठवड्याने उघडल्या, तेव्हा त्यांना बुरशी आली होती आणि माश्या शांतपणे त्या बुरशीला वळसा घालून चालत होत्या.

तिला दोन शक्यता दिसत होत्या. एक, ओव्याच्या कायमच्या वाफेने माश्यांचं नाक मारलं गेलं असेल. तसं असेल तर चकती काढल्यावर नव्या जन्मलेल्या माश्यांना वास यायला हवा. म्हणून काही पेट्यांतल्या चकत्या तिने काढून घेतल्या आणि माश्यांची पूर्ण पिढी बदलू दिली. थोडा फरक पडला. एका पेटीत बऱ्यापैकी पडला, आणि त्याच पेटीने कित्येक वर्षांनी तिच्या मनगटावर डंख मारला. धोक्याचा इशाराही माश्या वासानेच देतात; ज्यांना तो पोचतच नाही, त्या डसणार कशाला? आपण ज्याला गरीबपणा म्हणत होतो तो काय होता, हे तिला मनगट चोळताना उमगलं. पण बाकीच्या पेट्या चकतीविनाही तशाच राहिल्या, आंधळ्यासारख्या.

म्हणजे दुसरी शक्यता खरी होती, आणि ती जास्त वाईट होती.

त्या वर्षी भाऊबिजेला जयदीप आला तेव्हा आधी जेवणं उरकली. मग हेमांगी त्याला मागच्या पडवीत घेऊन बसली.

"दादा, नाक फक्त तुझ्या वाफेने मेलेलं नाही. पूर्वी ज्या वसाहतीला वास येत नव्हता ती मरायची. तिची राणी मरायची, तिचे नर मरायचे. ज्यांना येत होता त्यांचीच पिढी पुढे जायची. तुझ्या ओवाळणीने सगळ्यांनाच जगवलं. इतकी वर्षं जगवलं. आता नाक असलं काय आणि नसलं काय, पेटीत सारखंच. ते रक्तातूनच जात चाललंय."

जयदीपने सुपारी कातरायची थांबवली. "मला दरवर्षी दिसत होतं की चकत्यांना ओवा जास्त लागतोय," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, तांबडी घट्ट होतेय."

"माशी सैल होत होती."

"ठीक आहे. मग चकतीत दुसऱ्या अर्काची कुपी घालू. कुजव्या जंतूवर दालचिनीचा अर्क चालतो. पुढच्या मोसमापर्यंत—"

"आणि त्यानंतर तिसरी? पेटीतल्या माशीला तुझी चकती आहे, दादा. देवराईतल्या माशीला कोण ओवाळणार?"

त्याने मान वर केली. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला गावामागच्या देवराईत घेऊन गेली. राणीमाशी आयुष्यात एकदाच उंच हवेत जाऊन नरांशी जुगते आणि तिथे पेटीतला नर, रानातला नर असा भेद नसतो. खोऱ्यात पेट्या शेकडो, त्यांचे नर अगणित. रानातल्या राण्या त्यांच्यापासून पिढ्या वाढवत होत्या, आणि रानात चकती नव्हती. हिरड्याच्या ढोलीत लहानपणापासून दोघांनी पाहिलेलं सातेरीचं घर होतं. जयदीपने आत बॅटरी मारली. पोळं जागेवर होतं, पण त्यावर मेणकिड्यांची जाळी धरली होती. पुढच्या उंबराच्या ढोलीतही तेच. तिसऱ्या झाडापाशी तो थांबला आणि बुंध्याला कान लावून उभा राहिला. आतून गुंजारवही येत नव्हता.

"उपाय काय?" परतताना त्याने विचारलं.

"चकत्या काढायच्या. सगळ्या खोऱ्याच्या. ज्या वसाहती मरतील त्या मरू द्यायच्या. ज्या राहतील त्यांच्या राण्या वाढवायच्या."

"किती राहतील?"

"थोड्या."

"तू मरू द्यायच्या म्हणतेस, हेमा. मी हे जगवायला केलं होतं."

मधपाळांच्या बैठकीत तिने हेच मांडलं. लोकांनी ऐकून घेतलं, कारण ती आबांची मुलगी होती. मग एकेक जण बोलू लागला. स्ट्रॉबेरीवाल्यांनी विचारलं, आमचं फूल कोण धरवणार? कुणी म्हणालं, आपण काढल्या आणि शेजारच्या खोऱ्याने नाही काढल्या, तर? जयदीप मागच्या बाकावर बसून होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माझा सल्ला चकत्या ठेवाव्यात असा आहे," तो म्हणाला. "निदान नवी कुपी येईपर्यंत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं आणि तिला तेच जास्त लागलं. शेवटी अलकाकाकू उठल्या. "पोरी, तुझं खरं असंल. पण माझ्या हातानं त्यांना मरायला नाही सोडायची मी. तू तुझ्या सोड." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बैठक तिथेच संपली.

तिने आपल्या सोडायचं ठरवलं. पण खोऱ्यात राहून ते शक्य नव्हतं. आसपासचे नर येऊन तिच्या राण्यांशी जुगलेच असते. कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे जुनी माळोशी होती. तिथलं गाव अभयारण्यासाठी केव्हाच उठलं होतं. एवढं रुंद पाणी ओलांडून माश्या सहसा जात नाहीत, आणि त्या काठाला कुणाची पेटी नव्हती. वनखात्याची परवानगी काढून, थंडीत एका सकाळी तिने आपल्या सगळ्या पेट्या लाँचवर चढवल्या. चकत्या घरीच ठेवल्या, एका डब्यात. जयदीप चढवू लागायला आला नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं, ते तिने कुणाला फारसं सांगितलं नाही. आठवड्यातून एकदा ती लाँचने जाई. दर खेपेला तिला दारापाशी चुरमडल्या पंखांच्या माश्या दिसायच्या, दगडावर चढायचा प्रयत्न करणाऱ्या. उन्हाळ्यात पहिल्या पेट्या गेल्या. पावसाळ्यात तर दर आठवड्याला एखादं झाकण उघडलं की आत आवाजच नसायचा. तिच्या घरात तो चकत्यांचा डबा होता. एकदा ती तो पिशवीत घालून धक्क्यापर्यंत गेली, लाँच लागलेली असताना बाकावर बसून राहिली आणि पिशवी घेऊन परत आली. त्या आठवड्यात ती पलीकडे गेलीच नाही. गेली असती तर चकत्या बसवल्याच असत्या, हे तिला पक्कं माहीत होतं.

पाऊस ओसरल्यावर जयदीप न सांगता आला. तिच्याबरोबर लाँचमध्ये बसला. माळोशीत पडक्या जोत्यांवर मांडलेल्या पेट्यांमधून तो फिरला. बहुतेक तिने आडव्या करून ठेवल्या होत्या. एका उभ्या पेटीपाशी तो गुडघ्यांवर बसला.

"ही आबांची ना? त्या मोठ्या पिवळसर राणीच्या वंशाची?"

"हो."

त्याने झाकण काढलं. मूठभर माश्या राणीभोवती गोळा झाल्या होत्या. राणी चालत होती, अंडी घालत होती. पण ती अंडी वाढवायला माश्या उरल्या नव्हत्या. जयदीपने खिशातून एक चकती काढली.

"फक्त या एका पेटीत. हेमा, या एकीत. बाकी तुझं सगळं तू म्हणशील तसं."

"नाही."

"आबांच्या हातच्या आहेत या!"

"म्हणून तर. आबांच्या आहेत म्हणून हिला जगवली, तर हिचे नर उद्या बाकीच्यांना बुडवतील. मग या सगळ्या कशाला मेल्या, दादा? कशाला मारल्या मी?"

शेवटचा शब्द तिच्या तोंडून ओरडून गेला. आजवर ती 'मरू द्यायच्या' म्हणत आली होती. 'मारल्या' हा शब्द पहिल्यांदाच आला होता. त्याने चकती हातात फिरवली आणि खिशात ठेवली. मग उघड्या पेटीपाशीच बसून राहिला, लाँचचा भोंगा होईपर्यंत. परतीच्या वाटेवर तो म्हणाला,

"मी कंपनीत सांगितलंय सगळं. देवराईचंही. ते म्हणाले, एका बाईच्या परीक्षेवर एवढा मोठा निर्णय कसा घ्यायचा. आणि खरं सांगू, त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो."

आबांच्या माश्या दिवाळीच्या आत गेल्या.

तीन पेट्या राहिल्या. त्यांतली एक तिच्या कधीच मर्जीतली नव्हती. मध बेताचा, स्वभाव चिडका, पोळं वेडंवाकडं बांधणारी. थंडीत हेमांगीने या तिघींना गोठवलेल्या कोशांचे तुकडे दिले. रात्र तिथल्याच वनरक्षकाच्या चौकीत काढली आणि सकाळी उघडून पाहिलं. दोन पेट्यांनी निम्मेअधिक कोश काढले होते. त्या चिडक्या पेटीत तुकडा कुठे लावला होता, तेच तिला आधी सापडेना. सगळ्या कोठड्या रिकाम्या, पुसल्यासारख्या. दारासमोर पांढऱ्या कोशांचा सडा पडला होता आणि मुंग्या ते ओढून नेत होत्या. ती जोत्यावर बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोळ्यांसमोर मात्र आडव्या पेट्याच होत्या, ओळीने.

वसंतात हेमांगी वनरक्षकाच्या चौकीतच मुक्कामाला राहिली, आणि त्या चिडक्या पेटीने राणीच्या कोठड्या बांधायला घेतल्या. शेंगदाण्याच्या टरफलासारख्या, पोळ्याच्या कडेला लोंबणाऱ्या. हेमांगीने खोऱ्यात निरोप दिला: ज्याला हवी त्याला या वंशाची राणी मिळेल, मात्र त्याच्या पेटीतली ओवाळणी काढावी लागेल. कुणी उत्तर दिलं नाही. नवी कुपी बाजारात आली होती. पेट्या पुन्हा बऱ्या दिसत होत्या, आता ओव्याबरोबर दालचिनीचाही वास येत होता. देवराईत मात्र ढोली मोकळ्याच होत्या.

आणि मग एके दिवशी लाँचमधून जयदीप उतरला. त्याच्या हाताला प्रवासाची पिशवीसुद्धा नव्हती.

"अलकाकाकूंची एक पेटी बिनराणीची झालीय," तो म्हणाला. "मी गेलो होतो त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, हेमाच्या राण्यांतली एक आण. चकती मी काढू का विचारलं. म्हणाल्या, तू बसवलीस, तूच काढ."

"काढलीस?"

"काढली. बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "आणि तिथे ही राणी उडाली की नर खोऱ्यातलेच मिळणार तिला. अर्धं पाणी पडणार."

"अर्धी तरी इकडची राहील."

तिने त्यावर वाद घातला नाही. चौकट उचलली, तशी माश्या उसळल्या. जयदीपच्या गालावर एक, मानेवर एक डसली. त्याने ओठ दाबून धरले, हात झटकला नाही. तिने धारदार चाकूने सगळ्यात भरलेली कोठडी मेणासकट कापून घेतली. आतली राणी एक-दोन दिवसांत बाहेर पडणार होती. अशा वेळी तिला थंडी लागून चालत नाही, धक्का लागून चालत नाही, कोठडी आडवी होऊन चालत नाही. हेमांगीने ती कापसात गुंडाळली आणि भावाच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, टोक खाली करून, उभी ठेवली.

"अंगाची ऊब पुरते तिला," ती म्हणाली. "झोपू नकोस बसमध्ये."

"नाही झोपत."

लाँच सुटली. पाण्यावर वारा होता, पत्र्याचं छप्पर वाजत होतं, आणि माणसं बाकाच्या काठाला धरून बसली होती. लाँच पहिल्या वळणाला कलली, तशी शेजारच्या बाईची टोपली घसरत येऊन जयदीपच्या पायावर आदळली. तो हलला नाही. त्याचा गाल सुजून डोळा बंद व्हायला आला होता. एका हाताचा तळवा त्याने खिशापुढे आडोशासारखा धरला होता, खिशाला न टेकवता, आणि मान खाली घालून तो श्वाससुद्धा बेताने घेत होता. काठावर उभ्या हेमांगीला तो दिसेनासा होईपर्यंत तसाच बसलेला दिसला.